न शिवलेली कॉफी

जाराउला आपल्या इबान लोकांबद्दल जे काही माहीत होतं, त्यातलं निम्मं त्याच्या आजीने शिकवलं होतं आणि निम्मं कुचिंग शहरातल्या कॉलेजच्या एका प्राध्यापकाने. आजीने सांगितलेलं तो पाळायचा, प्राध्यापकाने सांगितलेलं पर्यटकांना सांगायचा. या वाटणीबद्दल आजवर कुणाची तक्रार आली नव्हती.

त्या दिवशी ऊन असं होतं की नदीच्या धक्क्यावरची कुत्री माणसं आलेली बघूनही उठली नाहीत. जाराउने चार पाहुण्यांना सकाळपासून मिरीचे मळे, बाजार आणि एक धबधबा दाखवला होता. धबधब्याला पाणी नव्हतं, तेव्हा तो सध्या विश्रांती घेतोय असं त्याने सांगितलं. पाहुण्यांनी विश्रांती घेणाऱ्या धबधब्याचे फोटो काढले. त्यांच्यात ब्रिगिट नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, स्वित्झर्लंडच्या. त्या प्रत्येक गोष्टीला "आणि असं का?" विचारायच्या. बाकीचे तिघे फक्त घाम पुसायचे.

धक्क्यावरून लांबघरापर्यंत होडीने जायचं. पावसाळ्यात हा प्रवास नुसता बसून होतो. आता नदी आटलेली, त्यामुळे जिथे खडक वर आले होते तिथे उतरून होडी ढकलावी लागली. होडीवाला लायांग पाहुण्यांना म्हणाला, "बसा बसा, तुम्ही तिकीट काढलंय," आणि जाराउला म्हणाला, "तू उतर. तू नुसता शिकलायस."

लांबघर म्हणजे जाराउचं आजोळ. वीस-बावीस बिऱ्हाडं एका छपराखाली, प्रत्येकाची खोली वेगळी, पण समोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओसरी. त्या ओसरीवरच जाराउ रांगला होता. आई गेल्यावर आजी-आजोबांनीच त्याला वाढवलं. आजोबांना आकी आणि आजीला इनी म्हणायचं. आकी तिंडिन आणि इनी सुबांग. आता तो महिन्यातून दोनदा पाहुणे घेऊन यायचा आणि दोघांची परक्या भाषेत परक्या माणसांना ओळख करून द्यायचा: "हे या घरातले सर्वांत जुने गृहस्थ." आकी हसायचे. त्यांना वाटायचं, नातू कौतुक करतोय.

ओसरीवर चटया अंथरल्या, पाहुणे बसले, पंखे फिरू लागले आणि जाराउच्या लक्षात आलं की बर्फाची पेटी धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात राहिली. पेटीत बिअर होती. कार्यक्रमपत्रिकेत बिअरपुढे 'थंडगार' असं त्याने स्वतःच लिहिलं होतं.

"लायांग, जाऊन ये ना रे पटकन."

"मी? मला अजून डोक्याला पिसं बांधायचीत. मी गेलो तर योद्ध्याचा नाच कोण करणार, तू? तुझं पोट बघ. शत्रू हसून मरेल."

घरात दुसरा जवान माणूस उरला नव्हता. जवान माणसं जोहोरला आणि सिंगापूरला जहाजांना रंग मारत होती.

"मी जातो," आकी म्हणाले. ते नुकतेच शेतावरून येऊन टेकले होते, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. इनीने त्यांच्यापुढे कॉफीचा कप ठेवला होता आणि ती भात बघायला आत गेली होती. "दुसरी होडी रिकामीच आहे. नदी काय मला नवीन आहे?"

"आकी, मग लगेच निघा," जाराउ म्हणाला. "पाहुणे तापलेत."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. इबान माणसापुढे खाण्यापिण्याचं काही आलं आणि त्याला ते नको असलं, तर तो नको म्हणू शकतो, पण निदान बोट लावून ते ओठाला टेकवतो आणि मगच उठतो. न शिवता उठला तर त्याला पुनी लागते. पुनी लागलेल्या माणसाला वाटेत साप भेटतो, झाड त्याच्याच अंगावर पडतं, नदी त्यालाच ओढते. जाराउचा यावर विश्वास नव्हता. क्वालालंपूरच्या विमानात हवाई सुंदरीने पुढे केलेल्या खारवलेल्या शेंगदाण्यांना मात्र त्याने जाताना-येताना दोन्ही वेळा बोट लावलं होतं. उगाच कशाला.

पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडायची आणि ती सांगायची त्याची एक ठरलेली वेळ होती. बर्फ येईपर्यंत वेळ काढायचा, म्हणून त्याने ती आताच सुरू केली. सुरू केली की हातात काहीतरी धरायला लागायचं. समोर आकींचा कप होता. आकींचा हात कपाकडे निघालाच होता, तेवढ्यात जाराउने तो उचलला.

"समजा, हा कप तुमच्यापुढे आला," तो इंग्रजीत म्हणाला, "आणि तुम्ही घाईत आहात."

आकी थोडा वेळ थांबले. मग त्यांना वाटलं असावं की कप आता कामाला लागलाय. ते पेट्रोलचा डबा घेऊन जिना उतरले.

कप चौघांत फिरला. चौघांनी बोट लावलं, बोट ओठाला टेकवलं. एक बाई घाबरल्यासारखं करून हसल्या. चौघांचेही साप, झाडं आणि नद्या टळल्या.

"आणि असं का?" ब्रिगिटबाईंनी विचारलं.

"पूर्वी जंगलात अन्न कमी होतं," जाराउने प्राध्यापकाचं उत्तर दिलं. "दिलेल्या अन्नाचा मान राखायचा आणि देणाऱ्याचाही. समाज एकत्र राहतो."

आतून इनीचा आवाज आला, "होडीचा आवाज कसला? म्हातारा कुठे निघाला? कॉफीला हात लावला का त्याने?"

"लावला, लावला," जाराउ मान न वळवता म्हणाला.

त्याने हे जाणूनबुजून म्हटलं असं नाही. दाराबाहेर कुणी हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो आणि जागचे हलत नाही, तसं. पण शब्द तोंडातून गेल्यावर त्याने कपाकडे पाहिलं. कॉफी काठोकाठ होती. त्याच क्षणी उठून जिन्यावरून हाक मारली असती तर आकी वळून आले असते, शिव्या देत का होईना. इंजिनचा आवाज अजून वळणापलीकडे गेला नव्हता. पण पाहुणे वाट बघत होते, आणि आपण आता ज्याची शास्त्रीय कारणं दिली त्याच्यापायी धावत सुटायचं, हे बरं दिसलं नसतं.

मग लायांगचा नाच झाला. फुंकनळीने नेम धरून झाला. नेम कुणाचाच लागला नाही. एक बाण छपरातून लोंबणाऱ्या, पूर्वजांनी कापून आणलेल्या शत्रूंच्या जुन्या कवट्यांच्या झुबक्यात जाऊन रुतला आणि ब्रिगिटबाईंनी त्या कवट्यांची तीनतीनदा माफी मागितली. जाराउ एक डोळा नदीवर ठेवून होता. जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा होऊन गेला. मग तेवढाच आणखी गेला. ऊन पत्र्यावरून ओसरीवर सांडत होतं.

इनी भाताचं पातेलं पुसत बाहेर आली आणि त्याच्याजवळ बसली. "अजून आला नाही."

"दुकानात गप्पा मारत बसले असतील."

"तो आणि गप्पा? पंचावन्न वर्षं माझ्याशी नाही मारल्या." तिने पातेलं बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "जाराउ, तू बघितलंस ना रे? त्याने हात लावलेला?"

ही दुसरी वेळ होती, आणि या वेळी ती भाताकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? इनीने कप उचलला असता, लायांगला पिसांसकट होडीत घातलं असतं आणि कॉफी म्हाताऱ्याच्या मागे नदीवरून पाठवली असती. पुनी लागली की असंच करतात. गाठून शिवायला लावतात. होडी गेली असती, दुपारचा कार्यक्रम गेला असता आणि सगळ्या ओसरीला कळलं असतं की जाराउने म्हाताऱ्यापुढचा कप उचलला, तमाशाला.

"माझ्या डोळ्यांदेखत लावला," तो म्हणाला.

"मग ठीक," इनी म्हणाली. पण तिचा चेहरा ठीक झाला नाही, उलट आणखी उतरला. जाराउला ते चमत्कारिक वाटलं. त्याचं कारण त्याला संध्याकाळच्या आत कळायचं होतं.

शेवटी त्यालाच बसवेना. त्याने पाहुण्यांना जाहीर केलं की आता नदीची एक खास सफर आहे. पाहुणे खूश झाले, कारण होडीत वारा असतो. निघण्याआधी त्याने कुणी बघत नाहीसं पाहून ती निवलेली कॉफी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतली. कुणी बघत नव्हतं, ब्रिगिटबाई सोडून.

"हे कशासाठी?"

"नदीला वाहायची असते," जाराउ म्हणाला. ज्या दिवशी माणूस एक खोटं बोलतो त्या दिवशी बाकीची स्वस्त पडतात.

लायांग नाचाची पिसं तशीच बांधून होडी चालवत होता. जाराउ पुढे बसून प्रत्येक वळणावर पाण्यात काही पालथं दिसतंय का ते बघत होता आणि तोंडाने सांगत होता, "डावीकडे रबराची झाडं." त्याला आठवत होतं, लहानपणी तो न जेवता शाळेत पळाला की आकी भाताचा गोळा घेऊन पाऊलवाटेने मागे यायचे. धापा टाकत गाठायचे, त्याच्या ओठाला भात टेकवायचे आणि एक शब्द न बोलता परत जायचे. आकी त्याच्या मागे धावले नाहीत असा एक दिवस त्याला आठवेना. आणि आज त्याला फक्त जिन्यापर्यंत जायचं होतं.

तिसऱ्या धारेपाशी, जिथे नदी खडकांतून जोरात उतरते, तिथे आकी दिसले. खडकाच्या सावलीत बसलेले, होडी बाजूला आडवी, आणि एक पाय बर्फाच्या पेटीत, बिअरच्या डब्यांमध्ये घातलेला.

"बर्फ आणलाय," ते म्हणाले. "थोडा मीच वापरला."

परत येताना धारेत होडी ढकलत असताना पाय दोन खडकांच्या मध्ये गेला होता आणि भरलेली होडी मागे सरकून त्यावर बसली होती. पाय बाहेर काढला तेव्हा तो घोट्यापाशी पपईएवढा सुजला होता आणि पपईच्या वेगवेगळ्या अवस्थांचे सगळे रंग त्यावर होते. लायांग आकींची होडी सरळ करायला लागला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी फार दिलगिरीने दोन डबे उचलले.

जाराउने बाटली पुढे केली. आकींनी आतली कॉफी ओळखली.

"मघाची?"

"हो."

"आता काय उपयोग," आकी म्हणाले, पण त्यांनी बोट बुडवलं आणि ओठाला लावलं. आजारी मुलाने दिलेलं खेळण्यातलं जेवण बाप खातो, तसं. मग विचारलं, "सुबांगला काय सांगितलंस?"

"तुम्ही हात लावला म्हणून."

नदी खडकांवरून जात होती. आकींनी पेटीतून बर्फाचा आणखी एक खडा काढून घोट्यावर धरला.

"मग लावला," ते म्हणाले. "आता मध्येच बदलू नकोस."

त्यांना ओसरीवर आणून चटईवर ठेवलं तेव्हा सगळं घर जमलं. घराचा प्रमुख उन्याऊ हाडं बसवायचा. त्याने पाय दाबून पाहिला, आकींनी दात आवळले आणि उन्याऊ म्हणाला, "मोडलाय. मी बांधून देतो, पण तुझ्या धक्क्यावरच्या गाडीतून दवाखान्यात ने, जाराउ. आजच." मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तिंडिन, आयुष्यभर या धारेत होडी ढकलली तुम्ही. आज काय झालं? काही न शिवता निघाला होतात का?"

"नाही," आकी म्हणाले. "कॉफी होती. लावला हात."

सगळ्यांनी माना हलवल्या. पुनी नाही, तर मग दुसरं काहीतरी. घरात पाय मोडतो तो उगाच मोडत नाही. कुणाकडून तरी काहीतरी राहिलेलं असतं.

"माझ्याकडून राहिलं," इनी म्हणाली.

ती खोलीच्या दारात उभी होती. "पहाटे मला स्वप्न पडलं. खोलीचा मधला खांब पाण्यात उभा होता आणि मी त्याला धरून होते आणि तो गार होता. मी उठले. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आज कुणी नदीवर पाऊल टाकलं नसतं." तिने पदरासारखं खांद्यावरचं फडकं तोंडाला लावलं. "पण माझ्या जाराउचे पाहुणे यायचे होते. दिवस मोडला असता. म्हणून मी स्वप्न गिळलं. तो निघाला तेव्हाही मनात आलं आणि मी नुसतं कॉफीचं विचारलं. कॉफीला हात लावलाय म्हटल्यावर मला कळलंच, आता जे होईल ते माझ्या स्वप्नामुळे."

आपल्या खोट्याने कुणाचं काही बिघडलं नाही, असं जाराउ तिसऱ्या धारेपासून स्वतःला समजावत आला होता. पण खोटं बोलून दोष नाहीसा होत नाही. या घरात तर नाहीच. इथे तो दुसऱ्या दारात जाऊन उभा राहतो, आणि तो नेमका तिच्या दारात गेला होता.

"इनी," तो म्हणाला, "त्यांनी हात लावला नव्हता. कप मी उचलला होता. या लोकांना दाखवायला. मी खोटं सांगितलं. दोनदा."

जाराउने मान खाली घातली आणि काय यायचं ते येऊ दे म्हणून थांबला.

इनी त्याच्याजवळ आली आणि त्याच्या केसांतून हात फिरवू लागली.

"बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "माझ्यावरचं आपल्यावर घेतोय पोर."

"नाही, इनी, खरंच..."

"जाराउ," उन्याऊ गंभीरपणे म्हणाला, "तुझं मन चांगलं आहे. पण पुनीच्या बाबतीत असं काही बोलू नये. पुनीबद्दल खोटं कोण बोलतं? तेही स्वतःच्या आकीच्या जिवावर? आपल्यात असा माणूस झालेला नाही."

"झालाय!" जाराउ म्हणाला.

"शहरात राहून फार बोलायला शिकलाय," लायांग म्हणाला, आणि लोक हसले. बऱ्याच वेळाने हसायला मिळाल्यासारखे हसले.

जाराउने आकींकडे पाहिलं. आकी डोळे मिटून होते. दुखण्यामुळे मिटलेत असं कुणीही म्हटलं असतं. मग तो साक्षीदार म्हणून ब्रिगिटबाईंकडे वळला. त्या तिथेच तर होत्या. त्याने त्यांना विचारलं, मघाशी मी कप उचलला तेव्हा या आजोबांनी त्याला हात लावला होता का? नीट आठवून सांगा.

ब्रिगिटबाईंनी नीट आठवलं. "अर्थात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत आधी त्यांनीच. किती सुंदर क्षण होता तो!"

"काय म्हणतेय?" उन्याऊने विचारलं.

इथे जाराउला चौथं खोटं बोलण्याची संधी होती, आणि ते नेमकं खऱ्याच्या बाजूचं होतं. पण त्याची जीभ दिवसभर वापरून थकली होती. "लावला म्हणते," तो म्हणाला.

"झालं तर मग," उन्याऊ म्हणाला.

इनीने लाल कोंबडा आणला. तो तिने पिल्लापासून हाताने भरवला होता. पाहुण्यांच्या जेवणासाठी जाराउने गेल्या महिन्यात मागितला तेव्हा तिने त्याला झाडूने हाकललं होतं. आता तिने तो स्वतः पायांना धरून आकींवरून ओवाळला, एकदा पायावरून, एकदा डोक्यावरून, आणि आपल्याकडून राहिलेल्या गोष्टीबद्दल मोठ्याने, नीट, एकेक शब्द सुटा करून माफी मागितली. पूर्वजांची मागितली, नवऱ्याची मागितली. तिचा आवाज कापत नव्हता, कोंबडा कापत होता. पाहुणे उठून उभे राहिले. कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं काहीतरी आपल्याला बघायला मिळतंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "हे खरंखुरं आहे ना?" एकाने जाराउच्या कानात विचारलं. जाराउ हो म्हणाला.

आकींचा पाय बांबूच्या कांबींत बांधून होईपर्यंत चूल पेटली, कोंबडा शिजला. निघायची घाई होती, दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. पण या ओसरीवरून उपाशी कुणी जात नाही. पाहुण्यांना वाढलं. आकींना इनीने भरवलं. मग ती ताट घेऊन जाराउपुढे आली. भाताच्या ढिगावर मांडी ठेवलेली होती आणि काळीजही. काळीज ती आजवर कुणाला द्यायची नाही, स्वतः खायची.

"इनी, मला भूक नाही."

"बघू नको नुसतं."

त्याने बोट पुढे केलं, रश्शाला लावलं, ओठाला टेकवलं. पाहुण्यांना शिकवतो तसं, अगदी नीट. ते झाल्यावर माणूस मोकळा होतो, असा नियम आहे.

इनी हलली नाही. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा हलका दिसत होता. सकाळपासून पहिल्यांदाच.

"ते पाहुण्यांचं झालं," ती म्हणाली. "तू घरचा आहेस. जेव."

तो जेवला. ती समोर बसून राहिली आणि हाडं चोखून झाली की नाही ते बघत राहिली. शेवटी काळीज उरलं होतं. तिने ते बोटाने त्याच्याकडे ढकललं.